गोठ्यातला जुना ट्रॅक्टर भंगारात घालण्याआधी

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर, पलीकडे कागल आणि गडहिंग्लज. या पट्ट्यात फिरताना एक चित्र नेहमी दिसतं. पुढं नवं स्लॅबचं घर, मागं जुना गोठा, गोठ्याच्या कडेला कडब्याची गंजी आणि गंजीखालून डोकावणारं ट्रॅक्टरचं पुढचं चाक. विचारलं की उत्तर ठरलेलं : "आमच्या आज्यानं घेतला होता. आता पडून हाय." वर्षभरानं पुन्हा गेलं तर गंजी असते, चाक नसतं. मधल्या काळात भंगारवाला येऊन, गॅस कटरनं तुकडे करून, काट्यावर वजन करून माल घेऊन गेलेला असतो.

माझ्या मामांचा इंटरनॅशनल बी-२७५ असाच गेला. मी तेव्हा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कॉमर्सचा पोरगा म्हणून वजन गुणिले दर हा हिशेब मलाच करायला लावला होता आणि मी तो हौसेनं केला होता. पुढं काही वर्षांनी कुणीतरी त्या ट्रॅक्टरचा इंजिन नंबर विचारला. आमच्याकडं फक्त टूलबॉक्सचं झाकण शिल्लक होतं. ज्यांच्या घरी अजून पूर्ण ट्रॅक्टर उभा आहे, मग तो सुरू असो वा जाम, त्यांच्यासाठी ही माहिती.

आधी नांगर, मग ट्रॅक्टर

यंत्राची शेती या भागाला नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८८ मध्ये त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढं कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर केला. सुरुवातीला तो नांगर कुणी घेईना. लोखंडी नांगरानं जमिनीत विष भिनतं, असा लोकांचा समज होता. १९१० मध्ये कारखाना औंध संस्थानात कुंडल रोडजवळ गेला आणि तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. पण पहिला फाळ बेळगावच्या मातीतला, हे आपल्याकडच्या पोरांना सांगावं लागतं.

काळ्या रानात हरळी आणि कुंदा मुळासकट काढायचा तर खोल नांगरट लागते. त्यासाठी लोखंडी नांगराला चार-चार, सहा-सहा बैल जुंपायचे. ट्रॅक्टर आला तो या कामासाठी. वाहतूक, ऊस, ट्रॉली हे सगळं नंतरचं. देशपातळीवरही तसंच झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्यानं मागं सोडलेले ट्रॅक्टर घेऊन १९४७ मध्ये केंद्र सरकारनं सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन सुरू केली. काम होतं मध्य भारतातली काँस गवतानं व्यापलेली जमीन मोडण्याचं. १९४९ मध्ये जागतिक बँकेनं याच कामाच्या यंत्रांसाठी भारताला १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं.

१९५१ मध्ये अख्ख्या देशात सुमारे ८,५०० ट्रॅक्टर होते, १९६१ मध्ये ३१,००० च्या आसपास. आज एखाद्या साखर कारखान्याच्या गाळप हंगामात रस्त्याला लागणाऱ्या ट्रॅक्टरांची रांग आठवा, म्हणजे ८,५०० हा आकडा किती लहान आहे ते कळेल. म्हणून १९६० च्या आधीचा ट्रॅक्टर कुणाच्या गोठ्यात असेल तर ती दुर्मिळ वस्तू आहे. तिचं मोल भंगाराच्या काट्यावर कळत नाही.

कोणता आहे, ते आधी ओळखा

देशात ट्रॅक्टर तयार व्हायला लागला तो १९५९ मध्ये. आयशरचा पहिला ट्रॅक्टर त्या वर्षी फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. त्याआधीचे सगळे परदेशातून आलेले.

त्यातला सगळ्यात ओळखीचा म्हणजे करड्या रंगाचा फर्ग्युसन टीई-२०. इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात हे ५ लाखांवर तयार झाले. अंगानं छोटा, वजन ११०० किलोच्या आसपास. मागची तीन दांड्यांची लिफ्ट, जी आज प्रत्येक ट्रॅक्टरला असते, ती घराघरात नेली या ट्रॅक्टरनं. एक खूण लक्षात ठेवा : याला स्टार्टरचं वेगळं बटण नाही. गिअरची दांडीच 'एस'कडं नेली की स्टार्टर फिरतो. एडमंड हिलरी १९५८ च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवावर पोचले ते असलेच फर्ग्युसन घेऊन. एव्हरेस्टवाले हिलरी ट्रॅक्टरवरून ध्रुवावर गेले, हे सांगितल्यावर आमच्याकडच्या एका शेतकऱ्यानं "मग आमच्या रानात चिखलात का अडकायचा?" असं विचारलं होतं. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

दुसरा फोर्डसन मेजर. निळं अंग, नारिंगी चाकं, बसायला उंच. जुना मेजर १९४५ ते १९५२ चा, नंतरचा 'न्यू मेजर'. या काळातले पुष्कळ ट्रॅक्टर रॉकेलवर चालायचे. पेट्रोलवर सुरू करायचा, इंजिन तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचा. टाकीला दोन कप्पे किंवा शेजारी छोटी टाकी दिसली, तर समजा तुमचाही त्यातलाच.

१९६० नंतरची मंडळी आपल्याला जास्त जवळची. मद्रासच्या टॅफेचा मॅसी फर्ग्युसन, बडोद्याचा हिंदुस्तान, मुंबईत १९६५ पासून तयार झालेला इंटरनॅशनल बी-२७५, एस्कॉर्ट्स, आणि १९७१ पासून पिंजोरचा एचएमटी झेटर २५११. बी-२७५ मूळचा इंग्लंडचा. त्यामुळं प्लेटवर ग्रेट ब्रिटन आहे की इंडिया, ते बघा. बाहेरून आलेला असेल तर किंमत वेगळी. याच काळात सरकारी शेती उद्योग महामंडळांमार्फत रशिया आणि पूर्व युरोपातून ट्रॅक्टर आले : बेलारूस, डीटी-१४, झेटर, पूर्व जर्मनीचा आरएस-०९. आरएस-०९ चं इंजिन मागं आणि पुढं नुसती मोकळी दांडी, त्यामुळं तो अर्धवट सोडलेला ट्रॅक्टर वाटतो. असला सांगाडा दिसला तर अपुरा समजून फेकू नका. नाशिकचा किर्लोस्कर ट्रॅक्टर १९७४ चा, जर्मनीच्या डॉइट्झच्या सहकार्यातला, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचा. कंपनी फार काळ टिकली नाही, त्यामुळं तो वयानं तरुण असून मिळायला अवघड आहे.

डिझेल पंपावरचीही प्लेट वाचा. मायको कंपनी बेंगळुरूत १९५१ मध्ये निघाली. इंग्लंडहून आलेल्या जुन्या ट्रॅक्टरवर मायकोचा पंप असेल तर तो नंतर बदललेला आहे. त्यात लाज नाही, फक्त वहीत नोंद करून ठेवा.

कागदांचा गुंता, आणि तो आपल्याकडं दुप्पट

१९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. मग म्हैसूर राज्य, १९७३ पासून कर्नाटक. कागल तर १९४९ पर्यंत कोल्हापूर संस्थानात. म्हणजे एकाच घरच्या ट्रॅक्टरच्या कागदावर मुंबई राज्याचा शिक्का, नंतर म्हैसूरचा, आणि ट्रॅक्टर मात्र कधी त्या शिवारातून हललेला नाही, असं होऊ शकतं. असं आरसी बुक सापडलं तर लॅमिनेशन करू नका, कागद कायमचा खराब होतो. स्कॅन काढा आणि कोऱ्या कागदात गुंडाळून ठेवा. त्यासोबत कर्जाची कागदपत्रंही शोधा. तेव्हाचे बरेच ट्रॅक्टर भू-विकास बँकेच्या कर्जावर आलेले. त्या पासबुकात खरेदीची तारीख आणि किंमत हमखास सापडते. कधी कधी बोजाही अजून तसाच सापडतो. महाराष्ट्रात सातबाऱ्यावर, इकडं उताऱ्यावर. कर्ज फिटून चाळीस वर्षं झाली तरी कमी केलेला नसतो. तो आधी कमी करून घ्या.

शेती ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची, पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी आधीच्या आरटीओची एनओसी लागते. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे कागदावरचं कलम वाटेल. आपल्याकडं कागलच्या मामानं निपाणीच्या भाच्याला ट्रॅक्टर दिला, अर्ध्या तासाच्या अंतरावर, की एमएच-०९ चं केए-२३ करत बसावं लागतं.

जुन्या गाड्यांसाठी केंद्रानं जुलै २०२१ मध्ये वेगळा नियम केला. ५० वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली गाडी 'व्हिंटेज' धरायची, नंबरात 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते. पण हा नियम दुचाकी आणि मोटारगाड्या डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. नांगर ओढणारं यंत्रही वारसा असू शकतं, हे तो करणाऱ्यांच्या मनात आलेलं दिसत नाही. तेव्हा ट्रॅक्टरवाल्यानं त्याच्या भरवशावर खर्च सुरू करू नये, आधी आरटीओत लेखी विचारावं. तोवर नोंदणी संपलेला ट्रॅक्टर हायवेवर चालवत नेण्यापेक्षा ट्रकवर चढवून नेलेला बरा.

सुरू करायची घाई करू नका

सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या दिवशी होतं. गावातली चार उत्साही पोरं जमतात, दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधतात, गिअरमध्ये टाकून ओढतात. वीस वर्षं जाम बसलेलं इंजिन असं ओढलं की रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि दुरुस्त होण्यासारखा ट्रॅक्टर खरोखरच भंगार होतो.

बरोबर रीत संथ आहे. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, कुठली नळी कुठं जाते त्याचेसुद्धा. नोझल काढा (पेट्रोल-रॉकेलचं इंजिन असेल तर प्लग), प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल निम्मं-निम्मं ओता आणि आठ-पंधरा दिवस विसरून जा. मग फ्लायव्हीलला हातानं मागं-पुढं झोका देऊन बघा. हललं की अर्धी लढाई झाली. नाही हललं तर पुन्हा ओता. तोवर खालचं जुनं ऑइल सोडा. आधी पाणी आलं तर पावसाचं पाणी आत गेलेलं आहे, मग चेंबर उघडल्याशिवाय पुढं जायचं नाही.

डिझेल टाकीला भोक असेल तर वेल्डिंगवाल्याकडं तशीच नेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ पेट घेते आणि टाकी फुटते. टाकी आधी धुवायची, पाण्यानं भरायची आणि फक्त काम करायचा भाग पाण्यावर ठेवायचा. ब्रेक आणि क्लचच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ती धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासू नका. गॅरेजमध्ये हे कुणी पाळत नाही हे मला माहीत आहे, तरी लिहितोय.

इंग्लिश ट्रॅक्टरवर आपला मिस्त्री दोन ठिकाणी हमखास फसतो. पहिलं म्हणजे पाने. हे नट-बोल्ट सुतात आहेत, एमएममध्ये नाहीत. शिवाय आट्यांचे प्रकारही दोन-तीन. तेरा-चौदाचा पाना जबरदस्तीनं लावला की कोपरे गोल होतात. दुसरं बॅटरी. फर्ग्युसनला पॉझिटिव्ह वायर बॉडीला असते, आताच्या बरोबर उलटी. नेहमीच्या सवयीनं जोडली की डायनमो बिघडलाच.

हँडल मारून सुरू करायचा असेल तर अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, दांडीला वेढा घालू नका. इंजिन उलटं मारलं तर मनगट जातं. म्हाताऱ्या ड्रायव्हर लोकांना हे माहीत होतं, आताच्या पोरांनी हँडलच पाहिलेलं नाही.

पार्ट कुठून आणायचे

मॅसी १०३५ किंवा बी-२७५ असेल तर काळजी नाही, पुष्कळसे पार्ट आजही दुकानात मिळतात. टीई-२० चे पार्ट इंग्लंडमध्ये अजून नव्यानं बनतात, कारण तिथं हे ट्रॅक्टर जपणारे लोक हजारोंनी आहेत. पुढच्या चाकाचा टायर मात्र ४.००-१९ मापाचा, तो इथं शोधायला वेळ जातो. लोक त्याजागी ६.००-१६ ची रिम बसवतात. चालवायला हरकत नाही, पण जुनी रिम फेकू नका.

खरी अडचण डीटी-१४ किंवा जुन्या फोर्डसनसारख्या ट्रॅक्टरांची. आणि इथंच आपला भाग नशीबवान आहे. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाच्या भट्ट्या, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ, बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग. जगातल्या मोठमोठ्या गाड्यांचं कास्टिंग या दोन शहरांतून जातं, तर एका सायलेन्सर मॅनिफोल्डचं काय घेऊन बसलात?

मात्र एक चूक सगळे करतात : फुटलेला जुना पार्टच भट्टीवाल्याला पॅटर्न म्हणून देतात. बिडाचं कास्टिंग थंड होताना साधारण एक टक्का आकसतं. ३०० मिलिमीटरच्या मॅनिफोल्डला ३ मिलिमीटरचा फरक पडतो आणि भोकं जुळत नाहीत. शिवाय मशीनिंगसाठी जास्तीचा माल लागतो तो वेगळाच. पॅटर्नवाल्याकडून आकसणं धरून लाकडी पॅटर्न करून घ्यावा लागतो आणि खर्च असतो तो त्या पॅटर्नचा. कास्टिंगचा एक नग काय, दहा काय, फारसा फरक नाही. एका नगासाठी भट्टीवाला दारातही उभं करत नाही. म्हणून एकाच मॉडेलचे तीन-चार मालक जमले पाहिजेत, मग ते सीमेच्या इकडचे असोत की तिकडचे. आज त्यांना एकमेकांचा पत्ताच नसतो. एकाकडं चांगला गिअरबॉक्स आणि फुटकं इंजिन, दुसऱ्याकडं नेमकं उलटं, मधे २० किलोमीटर, आणि दोघंही भंगारवाल्याला फोन करतात.

रंग द्यायचा की नाही

यावर वाद आहे. आपल्याकडं जुनं नीट करायचं म्हणजे चकचकीत रंग, मडगार्डवर स्टिकर आणि समोर आरशांची माळ. परदेशात दोन पंथ आहेत. एक कारखान्यातून निघाला तसा करणारा, दुसरा गंज थांबवून बाकी सगळं कामाच्या कपड्यांत ठेवणारा. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. मूळ रंग निम्मा जरी शिल्लक असेल तर तो परत मिळत नाही. नवा रंग कधीही देता येतो. बॉनेटवर आजोबांनी ब्रशनं लिहून घेतलेलं कुलदैवताचं नाव असेल, तर त्यावर तर मुळीच हात फिरवू नये. विक्रेत्याची छोटी पितळी प्लेट आणि गावाचं नाव तसंच ठेवा. ट्रॅक्टर कुठून आला ते कळायचा कधी कधी तोच एक पुरावा असतो. रंगवायचाच ठरलं तर आधी कोपऱ्यात, सीटखाली खरवडून मूळ छटा शोधा आणि दुकानात ती दाखवून मिसळून घ्या.

दाखवायचा कुठं

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या माउंट प्लेझंट गावी १९५० पासून जुन्या मळणी यंत्रांचा आणि ट्रॅक्टरांचा मेळा भरतो. इंग्लंडच्या डॉर्सेटमध्ये १९६९ पासून वाफेच्या इंजिनांची जत्रा सुरू झाली. अशा मेळ्यांत यंत्र नुसतं उभं करत नाहीत, त्याला कामाला लावतात.

आपल्याकडं वेगळा मेळा भरवायची वाट कशाला बघायची? खंडेनवमीला दारातल्या प्रत्येक ट्रॅक्टरला झेंडूची माळ पडते, तेव्हा गोठ्यातला जुनाही बाहेर काढा. बेंदराला बैलांची मिरवणूक निघते, तिच्या शेवटी एक जुना ट्रॅक्टर चालला तर कुणी नको म्हणणार नाही. गावोगावच्या यात्रांत ट्रॉली उलटी नेण्याच्या स्पर्धा होतात आणि माणसं तुडुंब असतात. त्या मैदानात अर्धा तास जुन्या ट्रॅक्टरला मिळाला तर दोन फाळी नांगर जोडून एक तास मारून दाखवता येईल. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा कृषी मेळा आहे, तिथं नवी यंत्रं बघायला दोन्ही राज्यांतून लोक जातात.

शेजारी फलक लावा, मराठीत आणि कन्नडमध्ये. मॉडेल, साल, कुणी घेतला, किती रुपयांना, कर्ज कुठलं, पहिल्यांदा कुठलं रान मोडलं. ज्या ड्रायव्हरनं तो चालवला तो हयात असेल तर त्याला शेजारी खुर्ची द्या. पोरं ट्रॅक्टरपेक्षा त्याच्याभोवतीच जमतात, असा माझा अनुभव आहे. जुन्या ट्रॅक्टरला उलटण्यापासून वाचवणारी चौकट नसते, तेव्हा मडगार्डवर पोरं बसवून फेरी मारायचा मोह टाळा. ओढायचं काही असेल तर खालच्या हुकालाच जोडा. वरच्या दांडीला जोडून ओढलं की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागं पलटतो.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगतो. इंजिनाचं काम, टायर आणि पत्रा या तीन गोष्टींत बहुतेक पैसा जातो, आणि तो विकून निघेल असं गृहीत धरू नका. घटत्या शिलकेवर घसारा काढला तर वस्तूची किंमत कितीही वर्षं गेली तरी शून्यावर येत नाही, हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. मामांच्या ट्रॅक्टरच्या वेळी मी ते विसरलो. पैसे नसतील तर काहीच करू नका, पण विकूही नका. चाकांखाली फळ्या घाला, टायरवर वजन पडू देऊ नका, वर पत्रा टाका, रेडिएटरातलं पाणी सोडून द्या, महिन्यातून एकदा इंजिन हातानं फिरवा. आणि सायलेन्सरच्या तोंडावर एक रिकामा डबा उलटा ठेवा. पावसाचं पाणी आणि उंदीर, दोन्ही तिथूनच आत जातात.